सिद्धांत पाठ आहेत, युद्ध का झालं ते मात्र सांगता येत नाही

अनवट

नमस्कार मंडळी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आंतरराष्ट्रीय राजकारणात उडी मारली आहे, एम.ए.चं पहिलं वर्ष. वास्तववाद (सगळा खेळ सत्तेचा), उदारमतवाद (व्यापार, संस्था, लोकशाही यांनी सहकार्य जमतं), रचनावाद (कल्पना, ओळख, आठवणी राष्ट्रांचं वागणं घडवतात) यांच्या व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी घडाघडा सांगेन. परवा चाचणीत प्रश्न आला: पहिलं महायुद्ध कोणत्या सिद्धांताने सर्वांत चांगलं समजतं? मी तिन्ही लिहिले, प्रत्येकी एक परिच्छेद. शेरा मिळाला, "तिन्ही बरोबर असतील तर एकही कामाचा नाही."

शेरा झोंबला, कारण माझीही शंका तीच आहे. सत्तासमतोल घ्या, म्हणजे कोणी एक फार बलवान होऊ नये म्हणून बाकीचे त्याला तोलून धरतात ही कल्पना. शांतता टिकली तर समतोलामुळे, मोडली तर समतोल ढळल्यामुळे. प्रयोगशाळेत असलं गृहीतक आम्ही केव्हाच टाकून दिलं असतं. मग याला सिद्धांत का म्हणायचं? आणि आधी काय वाचू, सिद्धांत की इतिहास?

शिशिर

इतिहास. थ्युसिडिडीज या प्राचीन ग्रीक इतिहासकारापासून सुरू करा. अथेन्सची ताकद वाढली, स्पार्टाला धास्ती बसली, इ.स.पू. 431 ला युद्ध पेटलं. अडीच हजार वर्षांत यापलीकडे कोणी फारसं काही सांगितलेलं नाही.

जुना फळा

शिशिरराव, ते एक वाक्य सगळेच सांगतात. पुढचं वाचा की! इ.स.पू. 416 मध्ये अथेन्सने मेलॉस बेटावरच्या लोकांना ऐकवलं की बलवान जमेल ते करतात आणि दुबळे सोसतात. बेट पडल्यावर तिथले पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली. पुढच्याच वर्षी हेच अथेन्स सिसिलीवर चालून गेलं आणि 413 पर्यंत ती अख्खी मोहीम आरमारासकट गमावून बसलं. सिसिलीला जायची सक्ती कुठल्याही समतोलाने केली नव्हती. नागरिकांच्या सभेत भाषणं झाली, अल्सिबियाडीससारख्या पुढाऱ्यांनी हवा तापवली, हात वर झाले. धास्तीचा सिद्धांत मानणाऱ्याच्याच ग्रंथात हे आहे, ही मला त्यातली सगळ्यात मोठी गंमत वाटते.

अनवट, हा विषय मी बरीच वर्षं शिकवला आहे. मुलं जिथे अडकायची तिथेच तुम्ही अडकला आहात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने 1979 मध्ये मांडलेलं म्हणणं, म्हणजे रचनात्मक वास्तववाद (रचनावाद वेगळा), मोजकं आहे. राष्ट्रांच्या डोक्यावर सरकार नाही, संकटात हाक मारायला पोलीस नाही, म्हणून प्रत्येकाने आपलं आपण बघायचं. त्यातून समतोल पुन्हा पुन्हा घडत राहतो. अमुक देश मंगळवारी काय करेल हे सांगण्याचा दावा त्याने केलाच नव्हता. तुम्ही त्याच्याकडे मंगळवारचं उत्तर मागताय.

(28 जुलै 1914 हा मंगळवारच होता. ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं तो दिवस.)

तो महिना तारीखवार घ्या. 28 जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. 5 जुलैला जर्मन कैसरने (सम्राटाने) ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा शब्द दिला. 23 ला सर्बियाला निर्वाणीचा खलिता, मुदत 48 तास. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियन अधिकारी घ्यायला मात्र नकार दिला. हे उत्तर कैसरने वाचलं 28 ला सकाळी, आणि आता युद्धाचं कारणच उरलं नाही असा शेरा त्यावर लिहिला. युद्ध त्याच दिवशी जाहीर झालं! 29 ला सर्बियाच्या पाठीराख्या रशियाच्या झारने सर्वंकष सैन्य जमवण्याचा हुकूम काढला, कैसरची तार वाचून तो मागे घेतला, आणि 30 ला मंत्र्यांच्या आणि सेनाधिकाऱ्यांच्या आग्रहापुढे पुन्हा काढला.

1 ऑगस्टची संध्याकाळ तर विसरू नयेच अशी. ब्रिटन कदाचित तटस्थ राहील अशी लंडनहून तार आली. कैसर खूश. सरसेनापती मोल्टकेला म्हणाला, सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्टके म्हणाला, अशक्य. रेल्वेची वेळापत्रकं आखलेली, आधी फ्रान्स आटपायचा आणि रशिया सज्ज होण्याआत मागे फिरायचं ही योजना ठरलेली.

आता प्रत्येक तारखेला तीन प्रश्न घाला. इथे दुसरा माणूस असता तर? राज्यव्यवस्था दुसरी असती तर? सत्तांची मांडणी वेगळी असती तर? 28 जुलैला पहिला प्रश्न फार बोलत नाही, कैसरचं मन फिरूनही गाडी पुढे गेली. 1 ऑगस्टला दुसरा बोलतो: मुलकी अंकुश नसलेलं लष्कर. तिसरा 30 जुलैला. रशियाला जे संरक्षण वाटलं तेच जर्मनीला आक्रमण दिसलं, आणि दोघंही आपापल्या जागी वेडे नव्हते. यालाच सुरक्षेचा पेच म्हणतात. कोणता सिद्धांत कोणत्या तारखेला गप्प बसतो ते लिहिलंत की शेरा बदलेल.

क्षितिजा

प्रतिसाद आवडला, पण एक हरकत. हे सगळं झालेल्या युद्धाचं शवविच्छेदन आहे. अनवट प्रयोगशाळेतल्या आहेत, त्यांना तुलनेचा नमुना द्या. जुलै 1911 मध्ये जर्मनीने मोरोक्कोतल्या अगादिरला पँथर ही गनबोट धाडली. गट तेच (इकडे जर्मनी-ऑस्ट्रिया, तिकडे फ्रान्स-रशिया), कैसर तोच, झारही तोच. नोव्हेंबरपर्यंत फ्रेंच काँगोचा तुकडा घेऊन जर्मनी गप्प बसला. 1912-13 ची बाल्कन युद्धंही लंडनमध्ये राजदूतांना बसवून आवरली गेली. जी गोष्ट दोन्ही वेळी तीच होती ती फरकाचं कारण कशी होईल?

शिशिर

हे मात्र बिनतोड.

जुना फळा

बिनतोड नाही, पण नेमकं आहे. 'तीच' या शब्दावर माझा आक्षेप. ऑस्ट्रियाने 1908 मध्ये बॉस्निया खालसा केला आणि 1909 मध्ये जर्मनीने दटावल्यावर रशियाला माघार घ्यावी लागली. पुन्हा अशी नाचक्की नको, हे 1914 च्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पक्कं होतं. ही आठवण तोफा मोजून सापडत नाही. इथे रचनावाद्यांना खुर्ची द्यावीच लागते. दुसरं म्हणजे रशियाचा लष्करवाढीचा मोठा कार्यक्रम 1917 पर्यंत पुरा व्हायचा होता, फ्रेंच कर्जावर रेल्वे पडत होती. बर्लिनमध्ये हिशेब असा की व्हायचंच तर आत्ता. म्हणजे गट तेच असले तरी मांडणी सरकत होती.

क्षितिजा

मग तुमचा रचनात्मक वास्तववाद तीन वर्षांत आठवण, भीती, कर्ज सगळं पोटात घेऊन बसला. अनवट यांची मूळ तक्रार हीच होती ना?

जुना फळा

आठवण मी त्यातून वगळली आहे, नीट वाचा. बाकी घेतो, कारण सत्ता कुठल्या दिशेने सरकतेय हे मोजता येतं. सैन्यसंख्या, रेल्वेचे मैल, अंदाजपत्रक.

अनवट

फळाकाका, क्षितिजाताई, दोघांचेही आभार. तुमचं भांडण मला माझ्या उत्तरापेक्षा जास्त समजलं. पुढच्या आठवड्यात निबंध द्यायचा आहे. 1911 आणि 1914 शेजारी ठेवून फक्त 'काय बदललं होतं' एवढंच लिहू का? तिन्ही सिद्धांत न कोंबता?

जुना फळा

लिहा. ब्रिटन सोडू नका फक्त. 21 जुलै 1911 ला ब्रिटनचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याने लंडनच्या मॅन्शन हाउसमध्ये भाषण करून जर्मनीला जाहीर इशारा दिला होता. 1914 मध्ये लंडनचा इशारा उशिरा आणि गुळमुळीत आला. क्षितिजाताई यावरही हरकत घेतील, ती निबंध देण्याआधी वाचा.