मागास जिल्ह्यांचा विकास कारखानदारांच्या हातात द्यावा का?

उद्यमनगरवाला
परवा कोल्हापूरजवळ शिरोलीत कारखानदारांच्या बैठकीत विषय निघाला की गडचिरोली, नंदुरबारसारखे जिल्हे सरकारच्या भरवशावर वर येणार नाहीत, उद्योगांनीच पुढाकार घ्यायला पाहिजे. मला हे पूर्ण पटतं म्हणून इथं मांडतोय. शेजारचंच बघा की, 1910 ला लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडल रोड स्टेशनजवळ आले तेव्हा तिथं नुसता माळ आणि निवडुंग होता, त्यावर नांगराचा कारखाना आणि पाठोपाठ किर्लोस्करवाडी ही अख्खी वसाहत उभी राहिली. जमशेदपूर म्हणजे पण आधी साकची नावाचं खेडंच. उलट सरकारी योजना बघा, 2018 ला केंद्रानं विकासात मागे पडलेले 112 जिल्हे ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून काढले, त्यात आपले गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव, पण कलेक्टर बदलला की कामाचा जोर बदलतो. कारखान्याला तसं चालत नाही, दर महिन्याला पगार काढावाच लागतो.

पंचगंगा_काठ
किर्लोस्करवाडीचं अर्धंच सांगितलंत दादा. जागा औंध संस्थानानं दिली आणि रेल्वे आधीच येऊन थांबत होती. आपल्याकडं पण तसंच, शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, 1906 ला मिल काढली, राधानगरीचं धरण हाती घेतलं, पाण्यामुळं ऊस वाढला, उसामुळं गूळ, आणि पाणी उपसायला इंजिनं लागायला लागली म्हणून तुमचं उद्यमनगर, कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत, मोठं झालं. पाणी, रस्ता, शाळा यात कुठला कारखानदार पहिला पैसा घालत नाही.

आणि सवलतींचं म्हणाल तर राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे, मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातनं उद्योग बाहेर जावेत म्हणूनच काढली होती, जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. साठ वर्षांनी उद्योग कुठं आहेत ते तुम्हीच बघा. हिमाचलला 2003 ला दहा वर्षांची एक्साइज माफी मिळाली, औषध कंपन्या धडाधड गेल्या, पण गेल्या कुठं तर बद्दीला, चंदीगडजवळ, सपाटीच्या काठावर. त्याच हिमाचलचा चंबा जिल्हा पुढं त्या 112 च्या यादीत आला. सवलत राज्याच्या गरिबीच्या नावानं घेतली आणि कारखाना सोयीच्या कोपऱ्यात टाकला, याला मी विकास म्हणणार नाही.

शिरोली_फाउंड्री
मी स्वतः छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, चालवतो. मला उद्या गडचिरोलीत फुकट जागा दिली तरी मी जाणार नाही, आणि का ते सांगतो. सकाळी पॅटर्न (साच्याचा नमुना) तुटला तर दुपारपर्यंत उद्यमनगरात दुरुस्त करून मिळतो, कोअर (ओतीव मालातली पोकळी धरणारा वाळूचा गाभा) एकाकडनं येतो, फेटलिंग (ओतलेल्या मालाची घासून सफाई) दुसरा करतो, मशीनिंग तिसऱ्याकडं, साच्याची वाळू, बेंटोनाइट माती, कच्चं लोखंड एका फोनवर आणि तेही उधारीवर कारण बापाच्या वेळेपासनं ओळख आहे. हे बसायला दोन पिढ्या गेल्या. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार असल्या माणसांनी स्वतः यंत्रं बनवत बनवत हाताखाली पोरं तयार केली, ती पोरं पुढं मालक झाली. एकटा मोठा प्रकल्प माळावर नेऊन ठेवला तर मालबी बाहेरचा आणि मिस्त्रीबी बाहेरचा, गावातल्या माणसाला गेटवर वॉचमनची नोकरी.

दुसरं, आज आमच्या मोल्डिंगला बिहार, यूपी, ओडिशाची पोरं आहेत. त्यांच्या भागात खनिज असून कारखाने का कमी राहिले? 1952 पासून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केंद्राचं भाडे समानीकरण धोरण होतं, म्हणजे रेल्वेभाड्याचा फरक भरून काढायचा, त्यामुळं पोलाद जमशेदपूरच्या दारात आणि इथं महाराष्ट्रात जवळपास एकाच भावात. खाणीजवळ असण्याचा त्यांचा फायदा धोरणानंच काढून घेतला आणि तो आपल्यासारख्यांना मिळाला. म्हणून मागास म्हणून कुणाला नावं ठेवताना मला जड जातं.

उद्यमनगरवाला
@शिरोली_फाउंड्री मुद्दा मान्य पण मग काय करायचं, दोन पिढ्या थांबायचं? मोठा प्रकल्प गेला की त्याच्याभोवती छोटे येतातच, वेळ लागेल एवढंच. शिवाय 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, द्यावेच लागतात, तो पैसा आहे की.

निवृत्त_मास्तर
त्याच कायद्यात लिहिलंय की कंपनीनं आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. मग कारखाने पुण्या-मुंबईत तर पैसा पण तिथंच फिरणार, नंदुरबारच्या वाट्याला काय येणार सांगा.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडला लोखंडाची खाण आहे, लीज 2007 ची. आधी बरीच वर्षं लोहखनिज ट्रकनं जिल्ह्याबाहेरच जायचं, आलापल्लीकडच्या रस्त्याची चाळण झाली ती गावकऱ्यांनी सोसली. आता कोनसरीला प्रकल्प झाला, पोरं कामाला लागली, ते चांगलंच आहे आणि मी ते नाकारत नाही. पण खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनं जुन्या लीजवर रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते, ती खाणबाधितांसाठीच आहे. तो हक्काचा पैसा. कंपनीनं बांधलेला दवाखाना कंपनीच्या मर्जीवर चालतो, प्रतिष्ठानच्या पैशाचा हिशोब ग्रामसभा मागू शकते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

चंदगडची_लेक
गडचिरोलीपर्यंत कशाला जाताय, चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी आपल्याच जिल्ह्यात आहेत. आमच्याकडं काजूचे कारखाने आहेत, सगळे खाजगी. बायकांना घराजवळ काम मिळालं हे खरं, माझी आई तेच करायची. कटरवर बी फोडताना टरफलाचं तेल उडतं, बोटांची सालं निघतात, काळी पडतात, राख नाहीतर गोडेतेल चोळून बसायचं आणि मजुरी किलोवर. तुकडा जास्त पडला की बोलणी. डब्ल्यू-320 (अख्ख्या गराची एक प्रत) चा गर डब्यात भरला की त्याचा भाव तिला कधी कळला नाही. शेतकऱ्याचं बी घेताना आफ्रिकेतनं येणाऱ्या बियाचा दर दाखवून भाव पाडायचा. उद्योग आला, चालला, वाढला, आणि आमच्या गावची पोरं अजून गोवा-पुण्यालाच जातात.

त्याच डोंगरात गोकुळची दुधाची गाडी येते. 1963 पासनं चाललाय हा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, दहा दिवसाला बिल. तो पण धंदाच आहे की, पण दूध घालणारी बाई गावच्या संस्थेची सभासद असते, दर कमी केला तर ती सभेत उठून विचारते. काजू फोडणाऱ्या बाईला विचारायला जागाच नाही.

उद्यमनगरवाला
ताई सहकाराचं एवढं कौतुक नको. वारणेत तात्यासाहेब कोरेंनी सहकारी साखर कारखाना काढून केलं ते मोठंच काम, पण राज्यात किती साखर कारखाने बुडून विकले गेले तेही सांगा. संचालक निवडून येतात ते गटातटावर, कारखाना चालवायला कोण शिकलेला असतो? खाजगी मालक बुडाला तर स्वतःचं बुडवतो.

पंचगंगा_काठ
स्वतःचं कुठलं, बँकेचं बुडवतो.

चंदगडची_लेक
सहकारच पाहिजे असा माझा हट्ट नाही. कंपनी कायद्याच्या 2002 च्या दुरुस्तीपासून शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते, ती काढावी. अडचण भांडवलाची आहे. काजू बी मार्च ते मेमध्येच मिळतं, वर्षभर फोडायचं तर तेवढ्यात सगळं विकत घेऊन ठेवायला लागतं आणि नव्या कंपनीला बँक तेवढी सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) देत नाही. म्हणून गरजेचा शेतकरी व्यापाऱ्याला घालतो. तुमच्या बैठकीतल्या मंडळींना खरंच पुढाकार घ्यायचा असेल तर हंगामाला खेळतं भांडवल द्या, बोटं वाचतील असा कटर आपल्या उद्यमनगरात बनवून द्या.

शिरोली_फाउंड्री
कटरचं माझ्याकडं लागलं. आत्ता वापरता तो एक पाठवून द्या, कास्टिंग मी बघतो, फिक्स्चरला माझा एक मित्र आहे.

उद्यमनगरवाला
पैशाचं पुढच्या बैठकीत मांडतो, पण देणाऱ्यांचा एक माणूस संचालक मंडळात पाहिजे आणि खरेदीचा दर त्याच्या सहीशिवाय ठरायचा नाही. एवढी अट राहणार.

चंदगडची_लेक
माणूस बसवा, हिशोब दर महिन्याला तपासा. दरावर त्याची सही मात्र नको, तो शेतकरी आणि फोडणाऱ्या बायकाच ठरवणार. त्यावरच अडणार असेल तर बैठकीत तसंच सांगा.