मदत हवी आहे: आजीचा अंगठा लागत नाही, रेशन अडलंय

जास्वंदी२२ :
अर्जंट आहे. आजीचा अंगठा मशीनवर लागतच नाही. ह्या वेळी दुकानदाराने पुढच्या महिन्यात बघू म्हणून परत पाठवलं. हात धुऊन, खोबरेल तेल लावून, बोट केसांवर घासून सगळं झालं. जन्मभर भांगलण केली, भांडी राखेने घासली, बोटांवर रेघ म्हणून राहिली नाही. मी पुण्यात, दर महिन्याला सुट्टी मिळत नाही. काय करायचं पटकन सांगा.

रानवारा :
धान्य अडलंय की ई-केवायसी? कार्ड कुठलं? कार्डावरच्या कुणाचाही अंगठा चालतो, दुसरं कोणी नाही का?

टेक्नोबा :
'मेरा ई-केवायसी' ॲप घ्या, चेहरा दाखवायचा, घरबसल्या काम होतं, माझ्या आईवडिलांचं दोन मिनिटांत झालं.

जास्वंदी२२ :
केवायसी नाही हो, धान्य! अंत्योदय आहे, ३५ किलोचं. आजोबा गेले, आता कार्डावर ती एकटीच.

काटेसावर :
आजोबांचं नाव कमी करायला मृत्यूचा दाखला आणि अर्ज तहसीलला द्या.

रानवारा :
ते विचारलंच नाहीये त्यांनी. जास्वंदी, आधारला मोबाईल जोडलाय ना? मग ओटीपीवर धान्य मिळतं.

जास्वंदी२२ :
आजोबांचा नंबर होता, तो बंद झाला.

टेक्नोबा :
मग चूक मशीनची कशी? आमच्याकडे पूर्वी दुकानदार मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचलायचा, मशीन आलं तेव्हा थांबला. २०१० साली पहिलं आधार आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं, ते गरिबाला ओळख मिळावी म्हणूनच.

माळरान :
ओळख मिळाली आणि ताट रिकामं राहिलं तर काय उपयोग? २०३० पर्यंत जगात कुणी उपाशी राहू नये हे संयुक्त राष्ट्रांच्या १७ ध्येयांतलं दुसरंच ध्येय आहे, आपणही २०१५ ला मान्य केलंय. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. दुकानदाराला ठणकावून सांगा, नाही ऐकलं तर १९६७ ह्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करा आणि पुरवठा निरीक्षकाला लेखी द्या, पोच घ्या.

टेक्नोबा :
तक्रारीने ह्या महिन्याचं भागेल, पुढच्या महिन्याचं काय? मूळ दुरुस्ती करा.

रानवारा :
दोन्ही करा की. आधार केंद्रावर दहाही बोटं नव्याने द्या आणि नंबर तिथेच बदला. दुकानातही अंगठ्याचाच हट्ट नको, माझ्या सासूबाईंची डाव्या हाताची अनामिका लागते, आता त्या तीच पुढे करतात. बऱ्याच नव्या मशीनला डोळ्यांचा स्कॅनरही असतो, तो विचारा.

जास्वंदी२२ :
अंगठा सोडून दुसरं बोट कुणी लावूनच बघितलं नाही! शनिवारी जाते. डोळ्यांचं मात्र, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं.

रानवारा :
आधार काढल्यावर झालं का आधी?