नुसतं मरण बघून नाही सोडत
वर कुणीतरी लिहिलंय की लहान मुलांचे मृत्यू बघवत नाहीत म्हणून नर्सेस नोकरी सोडतात. अर्धंच खरंय हे. माझी मावसबहीण इथेच मुंबईत मुलांच्या कॅन्सर वॉर्डला नर्स होती, ती म्हणायची पोर जाणार हे मनाने कधीच धरलेलं असतं, त्रास कशाचा होतो तर आता काही होणार नाही हे अख्ख्या स्टाफला माहितीये पण आईबापाला स्पष्ट कोणी सांगत नाही, आणि तरी पहाटे ब्लड काढायला त्या सुजलेल्या हातात नस शोधत बसायचं ते सिस्टरनेच, वर आई विचारणार "रिपोर्ट चांगला येईल ना ओ?" याला मॉरल डिस्ट्रेस म्हणतात, अमेरिकेतल्या अँड्र्यू जेमटन या नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने १९८४ सालीच मांडलंय, योग्य काय ते कळतं पण करू देत नाहीत. त्यात बेड लगेच पुढच्या पेशंटला, रडायला टाइम कुठाय. पॅलिएटिव्ह टीम (आजार बरा होणार नसला तरी वेदना कमी करणारे) लवकर आली, मॉर्फिन वेळेवर मिळालं की त्याच ड्युटीत जीव जरा थाऱ्यावर राहतो म्हणे (पगार तोच हां). आमच्याकडे काय, स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर ठेवतात, तेही नाईट संपल्यावर. त्यापेक्षा नाईटला एक माणूस वाढवा ना.