विमान चढत असताना वैमानिकांच्या गप्पांवरची बंदी दहा हजार फुटांवरच का उठते?

उत्तरवारा
११ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत शार्लट इथे ईस्टर्न एअरलाइन्सचं २१२ क्रमांकाचं विमान धुक्यात उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. ८२ पैकी ७२ माणसं गेली. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर राजकारणाच्या आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा सापडल्या. पुढे १९८१ मध्ये तिथल्या एफएएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, नियम केला की दहा हजार फुटांखाली वैमानिकांनी उड्डाणाच्या कामाशिवाय काही बोलायचं नाही, करायचं नाही. 'स्टराइल कॉकपिट' म्हणतात तो हाच.

माझं ठाम मत आहे की ही रेषा उतरण्यासाठी ठीक आहे, चढण्यासाठी अपुरी आहे. दहा हजार ओलांडले की वेग २५० नॉटच्या वर न्यायचा असतो. केबिनमधून चहाची विचारणा येते, एटीसी, म्हणजे जमिनीवरचं हवाई वाहतूक नियंत्रण, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला सांगतं, मधेच रस्ताही बदलून देतं. अमेरिकेत तर अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) स्थानिक हवेच्या दाबावरून १०१३ या प्रमाण दाबावर फिरवायचा तोही १८ हजारांवर. आणि विमान चढतच असतं. मिनिटाला दोन हजार फूट चढणाऱ्या विमानाला ठरलेल्या उंचीच्या ३०० फूट वर जायला नऊ सेकंद पुरतात. २९ हजारांच्या वर दोन विमानांमध्ये उभं अंतर हजार फुटांचंच असतं!

म्हणून विमान वर जाऊन स्थिर होईपर्यंत, मग ते ३६ हजारांवर का असेना, गप्पा बंद, चहा बंद, केबिनचा फोन बंद. तेवढा वेळ कळ काढायला काय हरकत आहे?

मीटरगेज
हरकत आहे, कारण दुखणं एक आणि औषध भलतंच. उंची चुकते ती बहुतेक वेळा कामाच्या नादात. ईस्टर्नचंच ४०१ घ्या, डिसेंबर १९७२, मायामी. पुढचं चाक उतरल्याचं सांगणारा दिवा लागेना. विमान दोन हजार फुटांवर ऑटोपायलटवर ठेवलं आणि सगळे त्या दिव्यामागे लागले. ऑटोपायलटचं उंची धरणं नकळत सुटलं, विमान हळूहळू खाली येत राहिलं. उंची ढळल्याची घंटी वाजली, कोणाच्या कानात शिरली नाही. १०१ जण गेले. कॉकपिटमध्ये चाललं होतं ते कामच. तुमच्या नियमाने तिथे काय अडवलं असतं?

चढतानाचा नेहमीचा घोळ एटीसीने दिलेली उंची ऐकण्यातला. वैमानिक नासाला स्वतःहून पाठवतात त्या अहवालांत उंचीची सगळ्यात जास्त गल्लत दहा आणि अकरा हजारांमध्ये झालेली दिसली. 'वन झीरो थाउजंड', 'वन वन थाउजंड'. त्यावर इलाज असा: एकाने पॅनेलवर त्या उंचीचा आकडा लावायचा, त्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने स्वतः बघून दुजोरा द्यायचा. शेवटच्या हजार फुटांना पुकारा करायचा. काहीही बिघडो, एकाची नजर उंचीवरून हलता कामा नये.

निळावंती
केबिनचा फोन बंद? केगवर्थ आठवा. ८ जानेवारी १९८९, हीथ्रोहून बेलफास्टला निघालेलं ब्रिटिश मिडलंडचं ७३७ अजून चढतच होतं, २८ हजारांच्या वर. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं आणि वैमानिकांनी बंद केलं उजवं. डावीकडच्या ज्वाळा मागच्या प्रवाशांनी पाहिल्या, केबिन क्रूपैकी काहींनीही पाहिल्या. कॅप्टनने उजव्या इंजिनाची घोषणा केली तरी पुढे जाऊन सांगितलं कोणीच नाही. ४७ माणसं गेली. त्या उंचीवर बोलायला बंदी नव्हती, तरी ही गत. बंदी घातलीत तर नवखी एअर होस्टेस तोंड उघडेल का?

उत्तरवारा
फोन बंद म्हणजे चहा-जेवणाचा. धोका दिसला तर सांगायला आजच्या नियमातही आडकाठी नाही, आणि हे प्रशिक्षणात शंभरदा घोटून घ्यायला हवं. मीटरगेज, बोट ठेवणं, पुकारा करणं हे सगळं आजही पुस्तकात आहेच की. पुकाऱ्याच्या क्षणी माणूस कॉफीचा कप हातात घेत असेल तर पुकारणार कोण?

खडकवासला
चरखी दादरीचं कोणीच कसं बोलत नाही? १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून चढणारं सौदियाचं जंबो १४ हजारांवर थांबलं होतं, अगदी बरोबर. समोरून उतरणारं कझाक इल्युशिन विमान १५ हजारांवर थांबायचं ते आणखी खाली आलं आणि दोन्ही आदळली. ३४९ जीव गेले. इल्युशिनमध्ये एटीसीशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर, आणि उंची बघायला त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागत होतं. मग टक्कर टाळणारी यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. पैसा आणि अक्कल अशा ठिकाणी लावा.

मीटरगेज
आणखी एक. नासाची ती योजना १९७६ पासून चालू आहे. नकळत झालेली चूक दहा दिवसांत कळवली तर एफएए सहसा दंड किंवा निलंबन करत नाही. म्हणून तर दहा-अकराची गल्लत उजेडात आली. बंदी वाढली की बंदी मोडल्याची शिक्षाही आली. मग कॉफी पिताना ३०० फूट वर गेलेला वैमानिक ते लिहून देईल?

उत्तरवारा
कळवणाऱ्याला शिक्षा नको, हे मला पूर्ण मान्य. ते नियमातच लिहा. बंदी तरीही हवी.