मंडेलांनी मत मिळवून दिलं, पण जमीन सोडून दिली?

सातबारा_कोरा
मंडेलांवर बोलायला लागलं की सत्तावीस वर्षांचा तुरुंगवास आणि क्षमाशीलता, इथेच गाडी थांबते. मला वाद घालायचाय तो सुटकेनंतरच्या काळावर. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या बहुसंख्याकांसाठी दक्षिण आफ्रिकेतली जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ मध्ये ती १३ टक्क्यांच्या आसपास गेली. वंशभेदाचा पाया हाच. गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या बाकांचा कायदा तर १९५३ चा. १९५५ मध्ये क्लिपटाउनला स्वातंत्र्य सनद मंजूर झाली तेव्हा कसणाऱ्यांत जमीन वाटू, खाणी आणि बँका जनतेच्या मालकीच्या करू, असं स्वच्छ लिहिलं होतं. जानेवारी १९९० मध्ये खुद्द मंडेलांनी तुरुंगातून कळवलं की राष्ट्रीयीकरण हेच त्यांच्या पक्षाचं, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं, धोरण आहे. १९९२ ला दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला जाऊन आले आणि सूर बदलला. १९९६ च्या राज्यघटनेत मालमत्तेच्या हक्काला कलम २५ चं कुंपण. मत काळ्यांना, मालमत्ता गोऱ्यांना, असा हा सौदा झाला. पटत नसेल तर खोडून काढा.

उंबरठा
सौदाच करायचा असता तर १९८५ मध्येच केला असता की! तेव्हाचे गोरे राष्ट्राध्यक्ष बोथा यांनी सुटका देऊ केली होती, अट एकच: हिंसेचा मार्ग सोडल्याचं जाहीर करा. मंडेलांचा नकार त्यांच्या मुलीने, झिंझीने, सोवेटोच्या मैदानात वाचून दाखवला आणि ते आणखी पाच वर्षं आत राहिले. असा माणूस दावोसच्या जेवणावळीने विरघळला म्हणता?
१९९३ आठवा. १० एप्रिलला मंडेलांच्याच पक्षाचे नेते ख्रिस हानी यांचा घरासमोर खून झाला. मारेकरी गोरा, आणि त्याच्या गाडीचा नंबर पोलिसांना देणारी शेजारीणही गोरी. त्या रात्री लोकांना शांत करायला टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क नव्हे, मंडेला बोलले. सैन्य, पोलीस, खजिना सगळं अजून गोऱ्यांच्या हातात. बुथेलेझींचा इंकाथा हा झुलूंचा पक्ष तर एप्रिल १९९४ च्या मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना निवडणुकीत उतरला. अशा वेळी शेतं ताब्यात घ्यायची भाषा म्हणजे यादवीला आवतण.

तिरकस
दोघांचंही अर्धंच बरोबर.
उंबरठा, तुमचा युक्तिवाद एप्रिल १९९४ पर्यंत चालतो. पुढचं काय? आणि सातबारा, कलम २५ नीट वाचा. भरपाई 'न्याय्य आणि समतोल' हवी, बाजारभाव हा त्यातला फक्त एक निकष. जमीन मुळात कशी मिळवली तेही बघायचं आहे. सार्वजनिक हितात जमीन सुधारणा येते असं त्याच कलमात म्हटलंय. तेव्हा घटनेने हात बांधले नव्हते. मालक राजी असेल तरच आणि बाजारभावाने विकत घ्यायची, हे बंधन मंडेलांच्या सरकारने धोरण म्हणून स्वतःवर घालून घेतलं. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन वाटायचं उद्दिष्ट होतं, सरकार त्याच्या जवळपासही पोचलं नाही. तडजोडीची ढाल इथे चालत नाही हो.

सातबारा_कोरा
हे तर माझ्यापेक्षा कडक झालं. :) आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालक केलं. किती पळवाटा निघाल्या ते वेगळं, पण सरकारने तारीख तरी घातली होती!

उंबरठा
ही तुलना चुकतेय. आपलं कूळ त्या जमिनीवर उभं होतं, नांगर त्याच्या हातात होता. तिकडे माणसंच उचलून दुसरीकडे टाकली होती. नातवंडं जोहान्सबर्गच्या वस्त्यांत वाढली, त्यांना आधी घर, वीज, पाणी हवं होतं आणि पैसा तिथे लावला गेला. शिवाय मंडेलांच्या पक्षाला ४०० पैकी २५२ जागा, म्हणजे घटना एकट्याने मंजूर करायला लागणारं दोन-तृतीयांश बहुमतही नव्हतं.

झुळूक
तुम्ही सगळे जमिनीवरच अडलात. मला मंडेलांचा खरा हिशोब माफीच्या बाबतीत मांडावासा वाटतो. वंशभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या सत्य आयोगासमोर गुन्हा पूर्ण कबूल करा, तो राजकीय होता हे पटवा आणि खटल्यातून सुटा. पोलीस कोठडीत मारले गेलेले कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी याविरुद्ध घटना न्यायालयात दाद मागितली आणि १९९६ मध्ये ते हरले. ज्यांची माणसं मेली त्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार मंडेलांना कुणी दिला? पीडितांना एकरकमी ३०,००० रँड जाहीर झाले ते २००३ मध्ये, मंडेला पायउतार होऊन चार वर्षं झाल्यावर.

तिरकस
बिको कुटुंबाचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण बिकोंच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांना आयोगाने माफी नाकारली, हेही लिहा. खटले मात्र नंतर कुणी चालवले नाहीत.

उंबरठा
आणि ते पाप पुढच्या सरकारांचं. १९९९ ला एकच कारकीर्द करून खुर्ची सोडलेल्या माणसाच्या नावावर तीस वर्षांची थकबाकी किती चढवाल?

सातबारा_कोरा
पाच वर्षांचीच चढवतोय. अधिग्रहणाचा १९७५ चा कायदा, म्हणजे वंशभेदी सरकारनेच केलेला, त्या पाच वर्षांत बदलता आला असता. त्यासाठी दोन-तृतीयांश लागत नव्हते, साधं बहुमत पुरत होतं. त्याच्या जागी नवा कायदा आणणारी सही झाली जानेवारी २०२५ मध्ये. केली राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी, जे १९९४ ते ९६ मध्ये घटना समितीचे अध्यक्ष होते. तेव्हा अडवलं कुणी होतं, एवढंच सांगा.