शॅगीचा 'हॉट शॉट': पहिलं गाणं पडलं तरी अल्बम नंबर १ वर कसा गेला?

विश्रामबागचा_श्रोता
नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. आमचा गाणी ऐकणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, दर महिन्याला एकानं एका अल्बमवर बोलायचं असतं, यावेळी पाळी माझी आणि मी जमैकाच्या शॅगी या गायकाचा 'हॉट शॉट' घेतलाय. 'इट वॉझन्ट मी' आणि 'एंजल' आमच्या वयाच्या सगळ्यांनी ऐकलेली असतात, गॅदरिंगला पण वाजलीत. पण वाचायला बसलो आणि गोंधळ झाला, एकीकडं म्हणतात अल्बम ऑगस्ट २००० मध्ये आला तेव्हा पहिलं गाणं 'डान्स अँड शाऊट' अमेरिकेत चाललंच नाही, दुसरीकडं तोच अल्बम ६ वेळा प्लॅटिनम. मधे नेमकं झालं काय? आणि प्लॅटिनम म्हणजे गिऱ्हाइकानं घेतलेल्या सीडी मोजतात की दुकानात पाठवलेल्या? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

पोवईनाका_सातारा
भावा, अल्बम छान निवडलास. आधी मागची गोष्ट बघ म्हणजे सगळं लागतं. शॅगी मूळचा जमैकातल्या किंगस्टनचा, नंतर न्यूयॉर्कला गेला, अमेरिकन मरीन्समध्ये होता, आखाती युद्धात पण होता. १९९३ ला 'ओ कॅरोलिना' ब्रिटनमध्ये नंबर १, १९९५ ला 'बूमबास्टिक', त्या अल्बमला रेगेचं, म्हणजे जमैकाच्या त्या संगीताचं, ग्रॅमी. एवढं होऊन १९९७ चा अल्बम पडला आणि व्हर्जिन कंपनीनं त्याला सोडून दिलं. मग जॅनेट जॅक्सनबरोबर एका सिनेमासाठी गाणं केलं ते चाललं, तेव्हा कुठं एमसीए या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीनं हात धरला. म्हणजे 'हॉट शॉट' आला तेव्हा या माणसाकडनं कुणाला फार आशा नव्हती हे लक्षात घे, पहिलं गाणं पडल्यावर तर विषय संपल्यातच जमा होता.

आणि मग हवाईतल्या एका रेडिओ डीजेनं नॅपस्टरवरनं, म्हणजे इंटरनेटवर लोक एकमेकांना गाणी फुकट द्यायचे त्या सेवेवरनं, अल्बम उतरवून घेतला आणि त्यातलं 'इट वॉझन्ट मी' लावलं. कंपनीच्या यादीत ते पुढचं गाणं म्हणून नव्हतंच! स्टेशनचे फोन वाजायला लागले, लोक परत लावा परत लावा म्हणायला लागले, मग बाकीच्या स्टेशनांनी उचललं. ज्या नॅपस्टरवर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी डिसेंबर १९९९ मध्येच खटला भरलेला, त्याच्यावरनंच हे गाणं बाहेर पडलं. फेब्रुवारी २००१ ला गाणं बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, नंबर १, मार्चअखेर 'एंजल' पण नंबर १, आणि अल्बम एकूण ६ आठवडे पहिल्या जागेवर. त्याच हिवाळ्यात बीटल्सचं '१' हे संकलन वर ठाण मांडून होतं, हे विसरू नको.

तुझा दुसरा प्रश्न: अमेरिकेत १ प्लॅटिनम म्हणजे १० लाख प्रती, आणि त्या काळात ते दुकानांना पाठवलेल्या मालावर धरायचे, परत आलेला माल वजा करून. बिलबोर्डचा अल्बम चार्ट मात्र १९९१ पासून दुकानातल्या बारकोडवर चालायचा, म्हणजे काउंटरवर खरंच विकलं गेलेलं. दोन मापं वेगळी आहेत, ती मिसळू नकोस. इथं दोन्हीकडं अल्बम वर आहे, म्हणून तो आकडा नुसता कागदावरचा नाही असं मी ठामपणे म्हणेन.

जुना_रेगेवाला
आकडे बरोबर आहेत पण माझं मत वेगळं आहे. ही विक्री शॅगीच्या रेगेची नाही, गळ्याची पण नाही. दोन्ही हिट गाण्यांत गोड चाल दुसराच गातो, एकात रिकरॉक आणि दुसऱ्यात रेव्हॉन, शॅगी मधे त्या जाड आवाजात बोलतो. 'एंजल'मध्ये तर बेस स्टीव्ह मिलर बँडच्या 'द जोकर'चा आणि मुखडा 'एंजल ऑफ द मॉर्निंग'चा, अमेरिकन माणसाच्या कानाला आधीच ओळखीचं सगळं. मला हे पॉप वाटतं, रेगे वरनं शिंपडलेलं.

गणपतीपेठ_कॅसेटवाला
मी त्या काळात सांगलीत कॅसेटच्या दुकानात कामाला होतो म्हणून सांगतो. इंग्रजी कॅसेट हिंदीपेक्षा महाग, त्यामुळं आमच्याकडं कमीच असायच्या, वरच्या फळीवर. पोरं यायची ती अल्बमचं नाव घेऊन नाही, चाल म्हणून दाखवायची, "ते वॉझन्ट मी वालं द्या". पैसे नसले की टीडीकेची कोरी कॅसेट आणून त्याच्यावर भरून मागायची.

आणि जुना_रेगेवाला, तुमचं शिंपडलेलं पटत नाही ओ. बेसवर बोलत जाणं हीच जमैकाची जुनी रीत आहे, तिथं त्यालाच डीजे म्हणतात, गल्लीत साउंड सिस्टिम लावायची, रेकॉर्ड फिरवायची आणि माईकवर एकानं बोलायचं, आपल्या गणपतीत डॉल्बीपुढं पोरगं माईक धरतं तसं. गोड गळा आणि जाड आवाज ही जोडी तिथं आधीपासून आहे, शॅगीनं ती अमेरिकेच्या रेडिओवर नेली. आणि 'इट वॉझन्ट मी' शेवटपर्यंत ऐका, दुसरीबरोबर असताना मैत्रिणीनं पकडलेल्या मित्राला शॅगी 'तो मी नव्हतोच म्हण' असा सल्ला देतो, पण शेवटी तो मित्र तो सल्ला धुडकावतो, म्हणतो मी तिची माफी मागणार. निम्म्या लोकांना ते ठाऊकच नसतं, सगळे नाही म्हणण्याच्या ओळीवरच नाचतात.

विश्रामबागचा_श्रोता
वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. पोवईनाका, बारकोड आणि पाठवलेला माल हा फरक मी आधी सांगेन, मग गाणी लावेन. एकच राहिलं, पुढच्या अल्बमचं काय झालं?

पोवईनाका_सातारा
'लकी डे', २००२. अमेरिकेत २४ व्या नंबरच्या वर गेला नाही. रिकरॉकसारखा मुखडा परत सापडला नाही असं माझं मत. पण माणूस संपला नाही, २०१८ ला ब्रिटिश गायक स्टिंगबरोबर '४४/८७६' हा अल्बम केला आणि त्याला परत रेगेचं ग्रॅमी मिळालं. वेळ असेल तर कार्यक्रमात 'डान्स अँड शाऊट' पण लाव, पडलेलं आहे पण बेस भारी आहे, चांगल्या स्पीकरवर ऐकव.