कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून फुटबॉलपटू कातारिना मकारिओने बरोबर केलं का?

मैदानवेडा:
तीन हंगाम, ६८ सामने, ६३ गोल आणि ४७ वेळा दुसरीला गोलसाठी चेंडू पुरवलेला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळताना कातारिना मकारिओने हे करून ठेवलंय. २०१७ आणि २०१९ ची राष्ट्रीय विजेतेपदं, २०१८ आणि २०१९ ला लागोपाठ हर्मन ट्रॉफी, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान. आणि जानेवारी २०२१ मध्ये, चौथं वर्ष बाकी असताना, ती फ्रान्सला लिऑन क्लबकडे निघून गेली.

तिने केलं ते शंभर टक्के बरोबर, असं माझं ठाम मत आहे. करोनामुळे कॉलेजचा हंगाम तसाही पुढच्या वर्षावर गेला होता. थांबून काय मिळणार होतं? तिसरी हर्मन? ज्या बचावफळ्या तीन वर्षं फोडल्या, त्याच पुन्हा फोडायच्या? लिऑनला रोजच्या सरावात समोर फ्रान्सची बचावपटू वेंडी रेनार उभी. मे २०२२ मध्ये तुरिनला युरोपातल्या महिला क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध तिने गोल मारला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल करणारी ती पहिली अमेरिकी बाई. कॉलेजने तिला घडवलं हे मान्यच आहे, पण तिथलं घडणं संपलं होतं.

रानजाई:
असहमत. तुम्ही तुरिनला थांबलात, पुढचे अकरा दिवस सांगितलेच नाहीत. १ जूनला फ्रेंच लीगच्या शेवटच्या सामन्यात तिच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध, तुटला. २०२३ चा विश्वचषक गेला. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने घेतलं, पण त्यांच्याकडून मैदानात उतरायला मार्च २०२४ उजाडला. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकच्या संघात नाव आलं आणि गुडघ्यापायी तेही सोडावं लागलं.

माझं एसीएलचं ऑपरेशन झालंय. विद्यापीठाकडून कबड्डी खेळायचे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, इतकाच व्यायाम. मांडीकडे बघत बसायचं आणि स्नायू हलायचाच नाही. आपलाच पाय आपलं ऐकत नाही, हे पाहून मी रोज रडायचे. समोर बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं. विशी-बाविशीत फक्त खेळच हातात असेल तर त्या महिन्यांत धरायचं कशाला?

तिचीच स्टॅनफर्डची सहकारी नेओमी गिरमा घ्या. तिचाही एसीएल गेला, २०२० मध्ये, कॉलेजात असताना. सावकाश बरी झाली, पदवी घेतली, २०२२ मध्ये अमेरिकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब कॉलेजातून पाळीपाळीने खेळाडू निवडायचे त्यात, पहिली निवड तिचीच. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून जास्त मोजले. तोवर एवढी रक्कम कुठल्याच महिला फुटबॉलपटूसाठी कुणी मोजली नव्हती.

मैदानवेडा:
रानजाई, तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण मुद्दा पटला नाही. पदवीने गुडघा वाचत नाही, गिरमाच्या उदाहरणातूनच ते दिसतं. कॉलेजात तर शुक्रवारी एक सामना आणि रविवारी दुसरा, ऑगस्ट ते डिसेंबर वीसच्या वर सामने. पाय सावरायला वेळ कुठे आहे? आणि पैशाचं बोला ना. मकारिओ गेली तेव्हा कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती. ती मिळाली जुलै २०२१ मध्ये. ६३ गोल तिचे आणि गल्ला दुसऱ्याचा, हे कुठवर चालवायचं? शिवाय अभ्यासासाठी स्टॅनफर्ड मधूनच गेलेल्यांना परत येऊ देतं. लिऑन पुन्हा बोलावेलच असं नाही.

पेठेतला:
तुम्ही दोघंही त्या बारा वर्षांच्या पोरीला विसरताय. ब्राझीलमध्ये साओ लुईसला मुलांबरोबर खेळायची, वय वाढलं तसं मुलांत खेळू देईनात. वडील आणि भावाबरोबर सॅन डिएगोला आली, इंग्रजीचा गंध नाही. आई डॉक्टर, ती नोकरीसाठी तिकडेच राहिली. घर दोन देशांत वाटून घेतलं, ते एका मैदानासाठी.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते. पण गल्लीत पोरांच्यात खेळणारी पोरगी दहावीला आली की तिचे बूट माळ्यावर जातात, हे मी माझ्या बहिणीच्या बाबतीत बघितलंय. त्यामुळं मला कॉलेजची ती चौकट लाखमोलाची वाटते. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळं तिथं मुलींना मैदान मिळालं. कॉलेजांच्या पहिल्या श्रेणीतल्या महिला फुटबॉल संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि पुरुषांना ९.९ ची! मकारिओनं तीन वर्षं तरी त्या मांडवाखाली काढली. आता अमेरिकी लीगनं २०२४ मध्ये ड्राफ्टच बंद केला, पोरी पंधरा-सोळाव्या वर्षी करारावर सह्या करतात. मला काळजी त्यांची वाटते, मकारिओची नाही.

मैदानवेडा:
दादा, मग ट्रिनिटी रॉडमनचं काय? कॉलेजात नाव घातलं, एकही सामना खेळली नाही. २०२१ ला वॉशिंग्टनच्या क्लबकडे गेली आणि त्याच वर्षी लीग जिंकली.

पेठेतला:
एक रॉडमन दिसली. तिच्याबरोबरीच्या ज्या दोन हंगामांत घरी बसल्या, त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत की.

हिरवळ:
मी कॅलिफोर्नियात राहते, लेक दहावीत आहे आणि क्लबकडून खेळते. कॉलेजचे प्रशिक्षक १५ जूनपासून मुलींशी थेट बोलू शकतात, तिचा तो दिवस यंदा आहे. घरात सध्या दुसरा विषय नाही. मैदानवेडा, तुमचं म्हणणं मकारिओसाठी अगदी खरं आहे, पण तिला लिऑनने बोलावलं होतं. २०२१ मध्ये अमेरिकी लीगचा किमान पगार वर्षाला २२ हजार डॉलर होता. त्यात इथे घरभाडंही निघत नाही. माझी मुलगी चांगली खेळते, मकारिओ नाही. मला शिष्यवृत्ती हवी आहे, पण तिचा गुडघा गेला तर पुढे काय, या विचाराने झोप लागत नाही.

रानजाई:
हिरवळ, ताई म्हणून सांगते. फोन आला की पहिला प्रश्न हाच विचार. शिष्यवृत्ती एकेका वर्षाची आहे की चारही वर्षांची? तिकडे दोन्ही प्रकार चालतात. जखमी झाली तर ती चालू राहते का, ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कोण करतं? तोंडी नको, लेखी घे.

मैदानवेडा:
याला मात्र पूर्ण सहमत. आणखी एक विचारा: मध्येच क्लबने बोलावलं तर परत येऊन पदवी पुरी करता येईल का?

हिरवळ:
दोन्ही प्रश्न फ्रिजवर चिकटवले. ती सरावाहून आली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसलीय. म्हणते, फोनवर मीच विचारणार.